फिनलंड की स्वीडन? पुठ्ठ्याच्या खरेदीसाठी केलेल्या एका व्यापार-तुलनेची हकीकत

पार्श्वभूमी

मध्य युरोपातली एक कंपनी औषधांसाठी आणि कोरड्या खाद्यपदार्थांसाठी घडीची खोकी बनवते. तिचे नाव इथे देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तिचा कच्चा माल म्हणजे फोल्डिंग बॉक्सबोर्ड. या पुठ्ठ्यात वर-खाली रासायनिक लगद्याचे पांढरे थर असतात, मधे यांत्रिक लगद्याचा जाड पण हलका थर असतो आणि छपाईच्या बाजूला लेप असतो. मधल्या थरामुळे कमी वजनात ताठपणा येतो. गोळ्या भरणाऱ्या वेगवान यंत्रावर खोके पटकन उघडावे लागते, तिथे हा ताठपणा फार मोलाचा असतो.

असा पुठ्ठा फिनलंड आणि स्वीडन हे दोन्ही देश मोठ्या प्रमाणावर बनवतात आणि त्यातला बहुतांश निर्यात करतात. आमच्या या ग्राहक कंपनीचा जवळजवळ सगळा पुठ्ठा फिनलंडमधून येत असे. वीसेक वर्षांचा संबंध होता, दर्जाबद्दल तक्रार नव्हती, त्यामुळे दुसरा पुरवठादार शोधायची वेळच कधी आली नव्हती.

१ जानेवारी २०२२ रोजी फिनलंडमध्ये यूपीएम कंपनीच्या गिरण्यांत कागद कामगारांचा संप सुरू झाला. त्याआधी देशातल्या वन-उद्योगांच्या महासंघाने राष्ट्रीय पातळीवरच्या सामूहिक वाटाघाटी बंद केल्या होत्या. प्रत्येक कंपनीने आपापला करार करायचा होता. यूपीएमला एका कंपनीसाठी एक करारही नको होता, तिला प्रत्येक व्यवसायासाठी वेगळा करार हवा होता. संप २२ एप्रिलपर्यंत, म्हणजे ११२ दिवस चालला. युरोपभर छपाईच्या कागदाची ओढाताण झाली आणि किमती चढल्या. ग्राहक कंपनीच्या संचालकांनी बातम्या वाचल्या आणि खरेदीप्रमुखांना विचारले, ‘आपण एकाच देशावर अवलंबून आहोत, हे बरोबर आहे का?’

तेव्हा लगेच काही करण्यासारखे नव्हते. २०२२ च्या पूर्वार्धात पुठ्ठ्याचीच टंचाई होती. गिरण्या जुन्या ग्राहकांनाच माल मोजून-मापून देत होत्या, नव्याला उभे करायला कोणी तयार नव्हते. २०२३ उजाडले तसे चित्र पालटले. खोकी वापरणाऱ्या कंपन्यांनी भरून ठेवलेला साठा आधी संपवायला घेतला, मागणी उतरली आणि गिरण्यांचे विक्री अधिकारी पुन्हा फोन करू लागले. २०२२ चे वार्षिक आकडेही तोवर हाती आले होते. त्या वसंतात हे काम आमच्या छोट्या विश्लेषण गटाकडे आले: फिनलंड आणि स्वीडनच्या कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराची तुलना करा आणि पुरवठ्यासाठी कोणता देश अधिक भरवशाचा ते सांगा. मुदत तीन आठवड्यांची.

अडचण

आज वाटते की अडचण प्रश्नातच होती. खरेदीप्रमुखांना हवा होता एका प्रकारच्या पुठ्ठ्याबद्दलचा सल्ला, आणि प्रश्न आला होता दोन देशांच्या कागद-व्यापाराबद्दल. आम्ही तो आहे तसा घेतला.

जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या एचएस वर्गीकरणात कागद आणि पुठ्ठा ४८ व्या प्रकरणात येतो. लगदा आणि रद्दी ४७ मध्ये, छापील पुस्तके-वर्तमानपत्रे ४९ मध्ये. आम्ही ४८ व्या प्रकरणाची दोन्ही देशांची निर्यात २०१० ते २०२२ पर्यंत डॉलरमध्ये उतरवली आणि आलेख काढले. पहिल्या मसुद्याचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. फिनलंडची निर्यात अस्थिर आहे आणि संपाला बळी पडते. स्वीडनची स्थिर आहे, शिवाय क्रोना घसरल्यामुळे स्वीडिश माल स्वस्त पडतो.

हा मसुदा ग्राहकाकडे जाण्याआधी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वाचला. या बाईंनी आयुष्याची बरीच वर्षे सीमाशुल्काच्या वर्गीकरणात काढली आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “संपात असलेली कंपनी फोल्डिंग बॉक्सबोर्ड बनवते का?”

बनवत नाही. यूपीएमच्या संपातल्या फिनिश गिरण्या मासिकांचा आणि कार्यालयीन छपाईचा कागद, लेबलांसाठीचे विशेष कागद आणि लगदा बनवत होत्या. पुठ्ठा बनवणाऱ्या मोठ्या फिनिश कंपन्यांचे करार वेगळे झाले होते आणि त्यांच्या गिरण्या चालू होत्या. ग्राहकाला २०२२ मध्ये पुठ्ठा उशिरा मिळाला होता खरा, पण त्याचे कारण सगळ्या युरोपातली टंचाई होती. संपाने पुठ्ठ्याची यंत्रे थांबलेली नव्हती. ४८ व्या प्रकरणाच्या बेरजेने दोन वेगळ्या गोष्टी एका रेषेत बसवल्या होत्या आणि आम्ही त्या रेषेवर विश्वास ठेवला होता.

तुलनेची फेरमांडणी

मसुदा बाजूला ठेवला. पुढचे दहा दिवस आम्ही आकडे उघडून पाहण्यात घालवले. हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण कागदाच्या व्यापाराची तुलना करताना माणूस इथेच घसरतो.

पहिली गोष्ट काळाची. आमच्या मालिकेत स्वीडनच्या ४८१८ या शीर्षकात २०१२ ला एक पायरी खाली उतरलेली दिसत होती. टॉयलेट पेपर, टिश्यू यांचे हे शीर्षक. मसुद्यात आम्ही तिला बाजारातली घसरण म्हटले होते. प्रत्यक्षात २०१२ च्या एचएस आवृत्तीत डायपर आणि सॅनिटरी पॅड ४८१८ मधून काढून ९६१९ या नव्या शीर्षकात, कागदाच्या प्रकरणाबाहेरच, नेले गेले. बाजारात काही घडले नव्हते, माल एका कप्प्यातून दुसऱ्यात गेला होता. पुठ्ठ्याशी याचा संबंध नव्हता, पण बेरजेवर होता. आम्ही मालिका २०१७ पासून पुढेच धरायची ठरवली.

दुसरी गोष्ट मूल्य आणि वजन यांची. २०२२ मध्ये कागदाच्या किमती इतक्या वाढल्या की मूल्याचा आलेख वर चढत असताना टनांचा खाली जाऊ शकत होता. समजा, एखाद्या देशाने एका वर्षी १०० टन कागद टनाला ८०० युरोने विकला आणि पुढच्या वर्षी ८० टनच, पण १,१०० युरोने विकला. मूल्य ८०,००० वरून ८८,००० युरोंवर जाते. आलेख पाहणाऱ्याला वाटते व्यापार वाढला, आणि यंत्रावर पुठ्ठ्याची वाट पाहणाऱ्याकडे पाचवा हिस्सा माल कमी आलेला असतो. पुरवठ्याचा भरवसा मोजायचा असेल तर टन पाहावेत. इतकी साधी गोष्ट आम्ही पहिल्या वेळी केली नव्हती, आणि त्याचे वाईट वाटते.

तिसरी गोष्ट चलनाची, आणि इथे आमची चूक सर्वांत मोठी होती. फिनलंडने युरो घेतला. स्वीडनने २००३ च्या सार्वमतात तो नाकारला आणि क्रोना ठेवला. आंतरराष्ट्रीय कोशांत दोघांचे आकडे डॉलरमध्ये बदलून येतात. २०२१ मध्ये एका डॉलरला सरासरी सुमारे ८.६ क्रोना पडत, २०२२ मध्ये सुमारे १०.१. म्हणजे १०० कोटी क्रोनांचा तोच माल आदल्या वर्षी ११.६ कोटी डॉलरचा दिसतो आणि दुसऱ्या वर्षी ९.९ कोटींचा. युरोही घसरला होता, सुमारे १.१८ डॉलरवरून १.०५ वर, पण तुलनेने कमी. त्यामुळे दोन देशांच्या डॉलरी आलेखांत जो फरक दिसला त्यात काही भाग निव्वळ विनिमयाचा होता. ‘स्वीडिश माल स्वस्त’ हा निष्कर्ष तर टिकलाच नाही. खरेदीप्रमुखांना विचारल्यावर कळले की स्वीडिश गिरण्याही या बाजारात दर युरोतच देतात. क्रोना घसरला की फायदा गिरणीच्या खात्यात जातो, ग्राहकाच्या बीजकावर तो उतरत नाही.

चौथी गोष्ट वस्तूच्या फोडीची. ४८ व्या प्रकरणातून ४८१० या लेपाच्या कागद-पुठ्ठ्याच्या शीर्षकात गेलो, तिथून सहा अंकी ४८१०.९२ मध्ये, म्हणजे अनेक थरांच्या लेपित पुठ्ठ्यात. आमचा पुठ्ठा इथे असायला हवा होता. पण या ओळीत लाकडाच्या ताज्या लगद्याचा आणि रद्दीपासून बनवलेला असे दोन्ही पुठ्ठे येतात, आणि स्वीडनमध्ये रद्दीपासून पुठ्ठा बनवणारी गिरणीही आहे. औषधांच्या खोक्यांसाठी ग्राहकाला तो चालत नव्हता. युरोपीय संघाचे आठ अंकी संकेतांक घेतले तेव्हा चित्र थोडे सुटे झाले, कारण तिथे सगळे थर विरंजित (ब्लीच केलेले) आहेत की फक्त बाहेरचा एक, यावर ओळी वेगळ्या होतात.

मग आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक साधी विनंती केली, जी आम्हांला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती: ग्राहकाने स्वतः भरलेली इंट्रास्टॅटची, म्हणजे युरोपीय संघातल्या देशांमधल्या व्यापाराच्या आकडेवारीसाठी कंपन्या देतात ती, विवरणपत्रे मागवा. त्याच पुठ्ठ्याची खेप काही महिन्यांत ४८१०.९२ खाली भरलेली होती आणि काही महिन्यांत ४८१०.२९ खाली, म्हणजे यांत्रिक लगदा असलेल्या छपाईच्या कागदाखाली. माल तोच, गिरणी तीच. विवरण भरणारी व्यक्ती मधे बदलली होती. एका कंपनीत असे होत असेल तर दोन देशांच्या सहा अंकी तुलनेत शेवटच्या टक्क्यापर्यंत नेमकेपणा मागू नये, हे तिथे समजले.

त्याच विवरणपत्रांत आणखी एक गोष्ट सापडली. बऱ्याच खेपांवर पाठवणारा देश म्हणून जर्मनी लिहिले होते. फिनिश पुठ्ठा जहाजाने ल्युबेकला उतरे, तिथल्या गोदामात थांबे आणि मागणीप्रमाणे ट्रकने पुढे येई. फिनलंडच्या बाजूने पाहिले तर तो माल जर्मनीला गेला, ग्राहकाच्या देशाच्या बाजूने पाहिले तर जर्मनीहून आला. एका देशाची निर्यात आणि दुसऱ्याची आयात जुळवून पाहण्याची जी नेहमीची पद्धत आहे ती अशा गोदामांपाशी तुटते. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या व्यापारात निर्यात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीने आणि आयात विमा-भाड्यासह मोजली जाते, तो फरक वेगळाच. ब्रिटन २०२१ च्या सुरुवातीला एकल बाजारातून बाहेर पडल्यावर त्याच्याकडे जाणारा माल तर मोजणीच्या एका पद्धतीतून दुसरीत गेला. ब्रिटनचे आकडे आम्ही तुलनेतून बाजूलाच काढले.

या सगळ्यानंतर जी तुलना उरली ती पहिल्यापेक्षा खूपच साधी होती. छपाईच्या कागदात दोन्ही देश मागे हटत होते. फिनलंडमध्ये काईपोलाची गिरणी २०२० च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्याबरोबर देशातले वर्तमानपत्री कागदाचे उत्पादनच संपले. २०२१ च्या शरदात स्टोरा एन्सोने फिनलंडमधली वेइत्सिलुओतो आणि स्वीडनमधली क्वार्न्सवेडेन या दोन्ही ठिकाणची कागदाची यंत्रे थांबवली. पुठ्ठ्यात मात्र दोन्ही देश गुंतवणूक करत होते. आणि आमच्या ग्राहकाला लागणाऱ्या पुठ्ठ्यात स्वीडन फिनलंडपेक्षा ठळकपणे स्थिर आहे, असे टनांतून दिसत नव्हते.

पर्याय

अहवालात चार वाटा मांडल्या. सगळा माल फिनलंडमधूनच घेत राहायचा आणि साठा वाढवायचा. सगळा माल स्वीडनला हलवायचा. दोन्हीकडे विभागायचा. किंवा नॉर्डिक देशांबाहेरचा तिसरा पुरवठादार शोधायचा.

दुसरी वाट संचालकांपैकी एकांच्या मनात पक्की होती. पहिला मसुदा बाहेर गेला असता तर ती बहुधा मंजूरही झाली असती. तिच्या विरुद्ध सर्वांत जड मुद्दा आकड्यांतून आला नाही, मालकीच्या नकाशातून आला. स्टोरा एन्सो ही फिनिश-स्वीडिश कंपनी आहे. तिच्या पुठ्ठ्याच्या गिरण्या फिनलंडमध्ये इमात्राला आहेत तशा स्वीडनमध्ये स्कोगहाल आणि फोर्सला आहेत. स्वीडनमधल्या हुसुमची बॉक्सबोर्डची गिरणी फिनलंडच्या मेत्सा बोर्डची आहे. म्हणजे ‘देश बदलला’ याचा अर्थ ‘कंपनी बदलली’ असा होतोच असे नाही. तीच कंपनी, त्याच वाटाघाटी, तोच विक्री विभाग, फक्त बीजकावरचा पत्ता वेगळा, असे होऊ शकते. राष्ट्रीय व्यापाराची कुठलीही सारणी हे दाखवत नाही.

लाकडाचा मुद्दाही होता. फिनलंडचा उद्योग रशियातून बर्चचे लाकूड आणत असे, आणि बॉक्सबोर्डच्या बाहेरच्या थरांत बर्चचा लगदा वापरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, त्यानंतर ती आवक थांबली. मसुदा वाचून कोणी म्हटले असते की हा फिनलंडचा धोका आहे, स्वीडनचा नाही. पण लाकडाचा बाजार बाल्टिक समुद्राभोवती एकच आहे. फिनिश खरेदीदार दुसरीकडे वळले तसे दर स्वीडनमध्येही चढले.

तिसरा पुरवठादार ही वाट आम्ही घाईने सोडली. प्रश्न दोन देशांचा होता, म्हणून उत्तरही दोघांतच शोधले. यावर पुढे पुन्हा येतो.

काय ठरले, काय केले

तिसरी वाट निवडली गेली. दोन तृतीयांश माल जुन्या फिनिश गिरणीकडून, एक तृतीयांश स्वीडनमधल्या वेगळ्या मालकीच्या गिरणीकडून. करार एक वर्षाचा, दोन्ही युरोत.

कागदावर ठरवणे सोपे गेले. यंत्रावर नऊ महिने लागले. पुठ्ठा बदलला की दाबाच्या रेषेवर तो कसा वळतो, गोंद किती वेळात धरतो, छपाईची शाई किती शोषतो, हे सगळे पुन्हा पाहावे लागते. औषध कंपन्या तर नव्या पुठ्ठ्याच्या चाचण्या आणि कागदपत्रांशिवाय मंजुरी देत नाहीत. तंत्रविभागाच्या प्रमुखांनी तीन जाडींच्या पुठ्ठ्याची यादी दिली. पहिल्या दोन जाडींना २०२३ च्या अखेरपर्यंत मंजुरी मिळाली. तिसरी जाडी सर्वांत कमी खपाची, आणि एका औषधी ग्राहकापुरतीच होती. तिच्या चाचण्या मागे ठेवल्या.

याच काळात आणखी एक निर्णय झाला आणि त्याची जबाबदारी आमच्या अहवालावर येते. अहवालात एक वाक्य होते: ‘फिनलंडमधील संपाचा धोका मुख्यतः छपाईच्या कागदापुरता मर्यादित आहे.’ २०२२ च्या संपाबद्दल ते बरोबर होते. पण वाक्य सर्वसाधारण वर्तमानकाळात लिहिले गेले, आणि वित्त विभागाने ते तसेच वाचले. साठा आठ आठवड्यांवरून पाच आठवड्यांवर आणला गेला. अडकलेला पैसा सुटला, तिमाही अहवालात त्याचे कौतुक झाले.

निकाल

११ मार्च २०२४ रोजी फिनलंडच्या बंदरांत काम थांबले. सरकारच्या कामगार-कायद्यांतल्या सुधारणांविरुद्ध कामगार संघटनांनी राजकीय संप पुकारला होता. आधी दोन आठवड्यांचा म्हणून सुरू झालेला हा संप दोनदा वाढला आणि ८ एप्रिलला संपला. फिनलंडचा बहुतेक सगळा परदेशी व्यापार समुद्रमार्गे चालतो. ही पुठ्ठ्याच्या गिरणीतल्या करारांची भांडणे नव्हती. माल तयार होता, पण तो बंदराबाहेर पडत नव्हता. कुठल्या कंपनीने कुणाशी कोणता करार केला याला इथे काही अर्थ उरला नाही.

पहिल्या दोन जाडींत कंपनी निभावली. ल्युबेकच्या गोदामातला माल दोन आठवडे पुरला, स्वीडनहून येणारी खेप वाढवून मिळाली, आणि खोक्यांच्या वेळापत्रकात थोडी ओढाताण करून काम चालले. खरेदीप्रमुखांनी मला तेव्हा सांगितले की विभागणी नसती तर मार्चच्या अखेरीस दोन यंत्रे बंद ठेवावी लागली असती. हे त्या अहवालाचे यश आहे आणि ते मी मोकळेपणाने मानतो.

तिसऱ्या जाडीत फजिती झाली. तिला स्वीडिश मंजुरी नव्हती. पाच आठवड्यांचा साठा चार आठवड्यांच्या संपाला पुरेल असा हिशेब कोणी केला असेल तर तो चुकीचा होता, कारण संप संपल्यावर बंदरात तुंबलेला माल हलायला, जहाजे ओळीला लागायला आणि ट्रक मिळायला वेळ लागला. एप्रिलच्या मध्यात त्या जाडीचा शेवटचा ढीग संपला. साठेबाज व्यापाऱ्याकडून चढ्या दराने कापलेले ताव घ्यावे लागले, तेही दोन वेगवेगळ्या लॉटचे. एका औषधी ग्राहकाची खेप उशिरा गेली. दंड फार मोठा नव्हता, पण त्या ग्राहकाने पुढच्या वर्षीच्या कामातला काही हिस्सा दुसऱ्या खोकेवाल्याला दिला.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक सांगून झाली: प्रकरणाच्या बेरजेवरून सुरुवात करणे. ती वेळेत पकडली गेली.

दुसरी चूक पकडली गेली नाही. २०२० च्या जानेवारीच्या अखेरीस फिनलंडच्या कागद उद्योगात दोन आठवड्यांचा संप झाला होता, आणि तो राष्ट्रीय करारावरून होता, त्यामुळे पुठ्ठ्याच्या गिरण्याही त्यात होत्या. ही गोष्ट आमच्या टिपणांत होती. आम्ही ती ‘जुनी करारपद्धती’ म्हणून बाजूला ठेवली, कारण आता कंपनीनिहाय करार होत होते. तर्क चुकीचा नव्हता, पण त्याने एवढेच सिद्ध होत होते की त्या प्रकारचा संप कमी शक्य आहे. संपाची दुसरी जागा, म्हणजे बंदर, आम्ही तपासलीच नाही. तपासली असती तर स्वीडनबद्दलही सावध झालो असतो: २०१७ मध्ये गोथेनबर्गच्या कंटेनर टर्मिनलवर वाद इतका चिघळला की मे-जूनमध्ये कित्येक आठवडे टाळेबंदी होती. दोन देशांची तुलना आम्ही गिरणीच्या दारापाशी थांबवली. माल मात्र गिरणीच्या दारातून यंत्रापर्यंत जायचा होता.

तिसरा मुद्दा लिहिण्याचा. ‘२०२२ चा संप छपाईच्या कागदापुरता मर्यादित होता’ आणि ‘संपाचा धोका छपाईच्या कागदापुरता मर्यादित आहे’ या दोन वाक्यांत क्रियापदाचाच काय तो फरक आहे. त्या फरकावर तीन आठवड्यांचा साठा गेला. अहवालात निष्कर्षाचे वाक्य कोण वाचणार आणि त्यावरून काय करणार, हे लिहिताना डोळ्यांसमोर ठेवायला हवे होते. आम्ही खरेदी विभागासाठी लिहिले. साठ्याचा निर्णय वित्त विभागाने घेतला, आणि त्यांच्याशी आमचे बोलणेच झाले नव्हते.

चौथा, तिसऱ्या पुरवठादाराचा. इथे माझे आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांचे अजून एकमत नाही. त्यांच्या मते कमी खपाच्या जाडीसाठी तिसरी गिरणी उभी करणे परवडत नाही, चाचण्यांचा खर्चच निघत नाही. माझे म्हणणे असे की चाचण्यांचा क्रम खपावर लावला हीच चूक होती. ज्या जाडीला दुसरा आधार नाही आणि जिचा ग्राहक उशीर सहन करत नाही, तिची मंजुरी आधी घ्यायला हवी होती, खप कितीही कमी असो. मोठ्या खपाच्या जाडीत गरज पडली तर बाजारातून काहीतरी मिळते. कमी खपाचा माल एप्रिल २०२४ मध्ये शोधताना किती फोन करावे लागले ते खरेदी विभागाच्या लोकांना विचारावे.

आणि पाचवा, प्रश्नाचा. ‘फिनलंड की स्वीडन’ हे ऐकताच आम्ही दोन स्तंभांची सारणी आखली. त्याऐवजी ग्राहकाच्या तीन जाडी ओळींत घेऊन प्रत्येकीसमोर गिरणी, मालक, लाकूड, बंदर, गोदाम आणि मंजुरी असे रकाने आखले असते, तर देशांची नावे त्यात आपोआप आली असती आणि रिकामा रकानाही पहिल्याच आठवड्यात दिसला असता. २०२४ च्या उन्हाळ्यातला फेरआढावा आम्ही याच सारणीने सुरू केला. ४८१०.९२ चे टन त्यात आहेत, पण चौथ्या पानावर.

तिसऱ्या जाडीला स्वीडिश गिरणीकडून मंजुरी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मिळाली. साठा आता पहिल्या दोन जाडींसाठी सहा आठवड्यांचा आणि तिसरीसाठी नऊ आठवड्यांचा ठेवतात. विवरणपत्रे भरणाऱ्या दोघांना ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक दुपार बसवून संकेतांक समजावले, आणि त्या दिवसापासून तो पुठ्ठा एकाच ओळीखाली भरला जातो.